एका गाऱ्हाण्याच्या मागे: खेड, बुरोंडी, हेदवी

परत आल्यावर सुनिता म्हणाली, "ताई, पहिल्यापासून सगळं सांगा." ओटीवर बचत गटाच्या सगळ्या जमल्या होत्या. मी सुरुवात केली आणि दापोलीच्या स्टँडवर पोचायच्या आतच गडबडून शेवट सांगून टाकला. सगळ्या हसल्या, मीही हसले, पण मधलं सगळं राहूनच गेलं. आता माघातला उत्सव उरकलाय, सवड आहे, म्हणून ते मधलं लिहून काढते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं जमतं. वही माझ्या ट्रंकेत राहील. जिला वाचायची तिने घरी यावं, चहा देईन.

सुनिता माझी धाकटी जाऊ. उत्सवात दरवर्षी नाटक असतं आणि ते मुंबईचे चाकरमानी करतात. यंदा बायकांनी करायचं, हे तिच्या डोक्यातून निघालं. मुंबईला भावाकडे गेली असताना तिने एक नवं नाटक बघितलं होतं. त्याचं पुस्तक आणलंन, लेखकाला फोन करून परवानगी घेतलीन आणि अकरा जणींना कामं वाटलीन. मला पुस्तक धरायचं काम. पडद्याआड बसायचं आणि जिचं वाक्य अडेल तिला ते हळूच पुरवायचं. ते मी आपणहून मागून घेतलं होतं.

नाटकातल्या गावात पुरुष उरलेले नाहीत. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका एकटीच देवासमोर उभी राहते आणि म्हणते, "बा महाराजा, आज गाऱ्हाणं घालायला गावात कोणी पुरुष नाही. मी आहे. माझा आवाज बारीक आहे, तू जरा वाकून ऐक." तिथे अंधार होतो आणि अंक संपतो. सुनिता ते म्हणायची तेव्हा प्रत्येक तालमीला माझ्या अंगावर काटा यायचा.

एका तालमीला तात्या आले. तात्या माझे चुलत सासरे आणि आमचे गावकर. गावाचं मागणं देवापुढे मांडायचं ते गाऱ्हाणं, आणि देवळातली सगळी गाऱ्हाणी तेच घालतात. ते वाक्य ऐकलं आणि काठी आपटून उभे राहिले.

"देवाला वाकायला सांगतेस?"

"तात्या, नाटक आहे ते," सुनिता म्हणाली.

"नाटक आहे, पण देऊळ खरं आहे ना? रंगमंच देवळाच्या पुढ्यात. मुंबईत खुर्चीत बसून कोणीतरी टाळ्यांसाठी लिहिलंन, ते मी देवाच्या तोंडावर बोलू द्यायचं?"

"ते वाक्य काढलं तर नाटकात राहिलं काय?"

"मग नाटक काढा." मग तेच म्हणाले, "असं खरोखर कुठल्या बाईने देवासमोर म्हटलं असेल तर मला तसं कळवा. रीतसर घातलेलं गाऱ्हाणं असेल तर मी कोण अडवणारा? पण कुणाच्या मनचं चालणार नाही."

उत्सवाला नऊ दिवस राहिले होते. अकरा जणींनी दोन महिने भाकऱ्या थापताना पाठांतर केलं होतं. सुनिता दोन दिवस नीट जेवली नाही.

पुस्तकाची पहिली चार पानं माझ्याशिवाय कोणी वाचली नव्हती. त्यात लेखकाने लिहिलंय, की दुसऱ्या अंकातलं गाऱ्हाणं माझं नाही, ते मला बुरोंडीला एका मासे विकणाऱ्या बाईने सांगितलं. मी ते पान सुनितापुढे ठेवलं. तिने तिथल्या तिथे लेखकाला फोन लावला. बाईचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणाला. सुनिताला आणि बाकीच्यांना तालमी होत्या. शेवटी ह्यांनीच म्हटलं, "तू जा की. पुस्तक तूच वाचलंयस." एकटीने मुक्कामाला जायची माझी ही पहिलीच वेळ. आईकडेही मी कोणाला तरी बरोबर घेऊन जाते.

सोमवार, बुरोंडी

खेडहून दापोली आणि दापोलीहून बुरोंडी, दोन्ही गाड्यांत खिडकी मिळाली. आंब्याला मोहोर आला होता, वळणावळणाला त्याचा वास आत यायचा. बुरोंडी आली तेव्हा दोन माणसं उतरली. मी पिशवी उचलून दारापर्यंत येते तोवर कंडक्टरने घंटी मारलीन. "थांबवा" एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला मला पुढचा स्टॉप लागला.

पण झालं ते बरंच झालं. परत चालत येताना सडा लागला. काळ्या कातळाचा मोकळा सपाट माळ, एक झाड नाही, आणि त्याच्या कडेला खाली एकदम समुद्र. आम्ही जगबुडी नदीच्या बाजूची माणसं, आमचं पाणी या काठावरून त्या काठावर दिसणारं. हे पाणी कुठे संपतच नव्हतं. मी कातळावर बसून डब्यातली पोळी खाल्ली आणि बराच वेळ कशासाठी आलेय तेच विसरले.

खाली किनाऱ्याला बायका मासळी वाळत घालत होत्या. जाऊन विचारायचं, की बाई, बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईच्या एका लेखकाशी तुम्ही बोलला होतात का? हे वाक्य मी गाडीत वीस वेळा जुळवलं होतं. पहिलीजवळ उभी राहिले. तिने विचारलं, "सुकट देऊ?" मी हो म्हटलं. दुसरीजवळ गेले, तिच्याकडूनही घेतली. तिसरीकडून सोडे घेतले. तिने पिशवीत डोकावून बघितलं.

"काय गो बाय, दुकान काढतेस काय?"

मग मला हसूच आलं आणि हसता हसता सगळं बोलून झालं. ती सुपातली कोळंबी तशीच टाकून उठली. "तो दाढीवाला? आमच्याच अंगणात बसायचा तो! माझ्या सासूने त्याला गोष्टी सांगून सांगून येडा केला होता. चल."

सासू म्हणजे हलिमाबी. सत्तरीच्या पुढच्या, हिरव्या काठाची ओढणी, खाटेवर बसून जाळ्याची गाठ सोडवत होत्या. मुलगा कुवेतला, घरात सून रजिया आणि त्या. मी पुस्तक काढून ते गाऱ्हाणं वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

"हां, हेच. आणि माझं नाव कुठाय?"

"नाव नाही लिहिलेलं. मासे विकणारी बाई, असं आहे."

"बाई तरी लिहिलंन ना. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर 'अगो' म्हटलंन."

मी त्यांना चाची म्हणायला लागले ते तिथूनच.

जेवायची वेळ झाली तेव्हा माझी पंचाईत झाली. मी सोमवारी मासळी खात नाही आणि चुलीवर कालवण रटरटत होतं. आता पाहुणीने कसं सांगायचं? तेवढ्यात चाचीच रजियाला म्हणाल्या, "हिला कालवण वाढू नको. सोमवार हाय."

"तुम्हाला कसं कळलं, चाची?"

"अगो, तीस वर्षं तुमच्या लोकांच्या दारात सुकट विकली. तुमचे वार मला ठाऊक नसते तर धंदा झाला असता? सोमवारी, गुरुवारी टोपलीत मासळी नाही. त्या दिवशी बांगड्या नि कंगवे. संकष्टी तर मला तुमच्या भटजीच्या आधी ठाऊक असायची."

मला सांदण आणि गूळ घातलेलं नारळाचं दूध मिळालं. आपलं सांदण फणसाच्या रसाचं, पिवळं. यांचं पांढरं शुभ्र, तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं, कापसासारखं. मी पाच खाल्ली. सहावं रजियाने न विचारता वाढलं.

गाऱ्हाणं कुठलं, ते चाचींनी जेवताना सांगितलं. पावसाळ्यात मासेमारी बंद, पण सुक्या मासळीला मागणी. तेव्हा त्या दाभोळहून खाडी ओलांडून गुहागरच्या बाजूला विकायला जायच्या. हेदवीच्या पुढे एक वाडी आहे. तिथे भागीरथी नावाची बाई. तिने देवापुढे हे गाऱ्हाणं घातलं, ते चाचींनी लांबून ऐकलं.

"आणि पुढे काय झालं?"

"पुढे काय? मी सुकट विकली नि पुढच्या वाडीत गेले." असं म्हणून त्या पाणी प्यायल्या आणि रजियाला म्हणाल्या, "कोंबड्या डालल्यास काय?" काहीतरी गाळलं एवढं मला कळलं, पण मी विचारलं नाही.

भागीरथी जिवंत आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. बरीच वर्षं त्या तिकडे गेल्याच नव्हत्या. लांबून ऐकलं म्हटल्यावर तात्या मानायचे नाहीत, हे मला तिथेच कळलं. म्हणून घरी न परतता पुढे जायचं ठरवलं. चाचींनी आपला फोन नंबर माझ्या पुस्तकाच्या मागच्या पानावर रजियाकडून लिहून घेतला. "असली तर मला लगेच फोन कर. नसली तर उद्या करू नको, दोन दिवसांनी कर."

मंगळवार, हेदवी

दाभोळला फेरीबोट लागते. मला वाटलं होतं होडी असेल. ही केवढी मोठी, तिच्यावर चिऱ्यांचा ट्रक चढला, दोन गाड्या चढल्या, वऱ्हाडाची जीप चढली. मी ट्रकच्या सावलीत उभी राहिले. बराच वेळ झाला तरी बोट हलेना, म्हणून शेजारच्या बाईला विचारलं, "सुटायला वेळ आहे का?" ती म्हणाली, "आक्का, धोपावं आलं." वळून बघते तर दाभोळ मागे राहिलं होतं. अख्खी खाडी मी ट्रकची फळी बघत ओलांडली.

गुहागरच्या गाडीत माझ्या पिशवीने गोंधळ केला. तीन बायकांची सुकट आणि सोडे, वर ऊन. पुढचे एक गृहस्थ दोनदा मागे वळून म्हणाले, "कोणाची मासळी आहे ही?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमची नाही ना?" मी मान हलवली, ती हो की नाही हे माझं मलाच कळलं नाही. गुहागरला गाडी बदलून हेदवीला उतरले तेव्हा आधी दशभुजा गणपतीला जाऊन त्या मान हलवण्याबद्दल माफी मागितली. पायऱ्या चढून गेलं की वर शांत, थंड, झाडीत. अर्धा तास बसले, भागीरथीबाई असू दे म्हटलं, आणि निघाले.

वाडी पुढे चालण्याच्या अंतरावर होती. एका घराच्या अंगणात एक म्हातारी कुळीथ झोडत बसली होती. मी फाटकाशी उभी राहून म्हटलं, "भागीरथी आजी इथे राहतात का?" तिने वर बघितलं नाही. परत म्हटलं. काही नाही. मी जवळ गेले. तिने झोडणं थांबवलं, नाक वर केलं आणि हवेत वास घेतला.

"बुरोंडीची सुकट," ती म्हणाली. "हलिमा आली काय?"

आजी जिवंत होत्या. फक्त कानांनी पार गेलेल्या होत्या.

मी शेजारी बसून सांगायला लागले. "मोठ्याने बोल गो." मी जरा मोठ्याने बोलले. "अजून मोठ्याने. माझ्या सुनेसारखी बोल, ती भांडते ना, तशी." आता सांगायचं काय, तर ते गाऱ्हाणं. मी पुस्तक उघडलं. आजवर ती वाक्यं मी फक्त पडद्याआड कुजबुजले होते. मी उभी राहिले आणि अंगणात ओरडून वाचलं, "बा महाराजा! आज गाऱ्हाणं घालायला गावात कोणी पुरुष नाही!" समोरच्या घरातून दोन बायका धावत बाहेर आल्या. गोठ्यातून आजींची सून आली, तिच्या हातात विळा. "माझा आवाज बारीक आहे!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "तू जरा वाकून ऐक!"

समोरची एक म्हणाली, "बारीक कुठाय? माझं पोर उठलं ना!"

आजींना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "माझं हाय ते," त्या म्हणाल्या. "माझं हाय. पुस्तकात कसं गेलं?"

मग त्यांनी सांगितलं. लावणीच्या आधी त्यांच्या वाडीत शिवेवरच्या देवाला राखण, म्हणजे शेताच्या रखवालीचा मान, देतात, ती दिल्याशिवाय शेतात कोणी उतरत नाही. त्या वर्षी घाटात दरड आली आणि मुंबईहून यायचे पुरुष तिकडेच अडकले. त्यांच्यातच गावकर होता. गुरव पाय मोडून पडलेला. रोपं वर आली, पिवळी पडायला लागली.

"मग मीच नारळ घेतला. पाच-सहा जणी माझ्या मागे. आता बोलायचं काय? गावकर काय बोलतो ते बायकांना कधी धड ऐकूच यायचं नाय, आम्ही पार मागे उभ्या. मनात आलं ते बोलले."

"आणि देवाने ऐकलं का, आजी?" मी ओरडून विचारलं. तात्यांना सांगायला मला काहीतरी हवं होतं.

"मला काय ठाऊक? भात झाला. दरवर्षी होतो तेवढाच झाला." त्यांनी कुळथावर एक काठी मारली. "पण खरी गंमत पुढेच हाय. गाऱ्हाण्याला उत्तर लागतं ना? बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हटलं पाहिजे. नाय तर ते मधेच लोंबकळत राहतं, ना देवाकडे जात, ना परत येत. मी मागे वळून बघितलं. एकीने पदर तोंडात कोंबलेला, एक रडतेय. कोण बोलेना. मला वाटलं, संपलं, आता दोष लागतो. आणि आंब्याखालनं आवाज आला, 'होय महाराजा!' असा खणखणीत! बघते तर हलिमा. टोपली खाली ठेवून उभी. तिने म्हटलंन आणि मग ह्या सगळ्यांचा आवाज फुटला."

मी पुस्तकाचं मागचं पान काढून फोन लावला आणि आजींच्या कानाशी धरला. पुढे जे झालं ते बोलणं नव्हतं, दोन गावं एकमेकींना हाका मारत होती.

"हलिमा! मेली नाहीस काय?"

"तू नाही मेलीस, मग मी कशी मरू?"

"तू होय महाराजा म्हटलेलं या पोरीला का नाय सांगितलंस?"

मग चाचींचा आवाज. "सून बसली होती समोर. मशिदीत कोणाच्या कानावर गेलं असतं. आणि त्यात सांगायचं काय? पावसात माझी टोपली भिजत होती. तुम्ही बायका दगडासारख्या उभ्या. म्हटलं, कोणीतरी म्हणा आणि सुटा, माझी सुकट कधी खपायची?"

मागून रजियाचं हसणं ऐकू आलं. "अम्मी, एवढंच होय!"

त्या दिवशी आजींच्या घरी मी तिन्ही पुड्या रिकाम्या केल्या. सुनेने सोड्यांचा भात केला, वर कोकमाचं सार. मंगळवार होता, मला चालत होतं.

बुधवार, घरी

येताना गुहागरहून चिपळूणमार्गे आले, बोट नाही, सुकट नाही. स्वच्छ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात एकच. हे तात्यांना सांगायचं कसं? लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मी त्यांच्यासमोर पदर घेऊन चहा ठेवते आणि निघते. सुनिता सांगायला तयार होती, पण बघितलं मी, ऐकलं मी.

देवळाच्या पायरीवर तात्या बसले होते. मी दोन पायऱ्या खाली उभी राहून सांगितलं. हळूच बोलत होते, म्हणून त्यांना कान पुढे करावा लागला. चमत्कार काही सांगितला नाही, भात नेहमीएवढाच झाला, तेही सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं.

"उत्तर कोणी दिलं?"

"बुरोंडीच्या हलिमाबींनी. आंब्याखालून."

"मोठ्याने?"

"हो. खणखणीत."

"आणि मग बाकीच्या?"

"मग सगळ्या."

तात्यांनी काठी पायरीला टेकवून ठेवली. सुनिता खांबामागून बघत होती, तिचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता.

"मग पुरं झालं ते गाऱ्हाणं," तात्या म्हणाले. "उत्तर नसतं तर अर्धं राहिलं असतं, ते मी इथे म्हणू दिलं नसतं. उत्तर आलंय. म्हणा तुम्ही."

सुनिताने मला खांबामागे ओढून एवढी घट्ट मिठी मारलीन की माझा चष्मा वाकला.

उत्सवाच्या संध्याकाळी नाटक झालं. मी पडद्याआड, मांडीवर पुस्तक. दोघी अडल्या, दोघींना पुरवलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी सुनिता पुढे गेली. "...माझा आवाज बारीक आहे, तू जरा वाकून ऐक."

आता अंधार व्हायचा होता. त्याच्या आधीच पहिल्या रांगेतून आवाज आला, "होय महाराजा!"

तात्या होते. गावकर व्हायच्या आधीपासूनची, चाळीस वर्षांची सवय. गाऱ्हाण्याची चाल कानावर पडली की तोंड आपोआप उघडतं. ते दचकून इकडेतिकडे बघतात तोवर अख्ख्या मांडवाने, बाप्यांनी, बायकांनी, पोरांनी, एका दमात म्हटलं, "होय महाराजा!" समोर देवळातल्या दिव्यापर्यंत ते गेलं. दिवे बंद करायचं ज्याच्याकडे होतं तोही हात जोडून उभा.

सुनिताने माझ्याकडे बघितलं, पुढे काय म्हणून. पुस्तकात पुढे काही नव्हतं. मी हातानेच खूण केली, उभी राहा.

नंतर तात्या सुनिताला म्हणाले, "मधे उत्तर घ्यायचं होतं तर आधी सांगायचं ना. मी तयार राहिलो असतो."

लेखकाला हे उत्तर ठाऊक नव्हतं, कारण चाचींनी त्याला सांगितलंच नव्हतं. म्हणून पुस्तकात त्या वाक्याखाली मोकळ्या जागेत मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय. पहिल्या ओळीत, "होय महाराजा: हलिमाबी, बुरोंडी." दुसऱ्या ओळीत, "होय महाराजा: सगळे."